कर्त्याचा नंबर

तियेझगे कुम्वेंडा वाटेने निघाली की चिमलांबे गावातल्या कोंबड्यासुद्धा बाजूला व्हायच्या, असं लोक म्हणायचे. ती काही धिप्पाड बाई नव्हती. पण तिची चालच अशी होती की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं उगाच वाटायला लागायचं. कुणाच्या लेकराची लस राहिली असली, कुणी मच्छरदाणीचं मासे धरायचं जाळं केलं असलं, की तो माणूस तिला लांबून बघूनच तंबाखूच्या शेतात गडप व्हायचा. ती मात्र बांधावर बसून राहायची. "येशीलच की बाहेर," ती मोठ्याने म्हणायची. "मक्याची न्सिमा काय तुझी शेतात शिजणार आहे?" आणि तो यायचा, खाली मान घालून.

ती मूळची इथली नव्हती. पार उत्तरेकडच्या डोंगरातली, रुम्फीची, तुंबुका बापाची लेक. कॉलऱ्याच्या साथीत विहिरींत औषध टाकायला माणसं हवी होती, तेव्हा चार-सहा महिन्यांसाठी म्हणून ती या चेवा मुलखात आली. साथ गेली, ती राहिली. नवरा जोहान्सबर्गला खाणीत गेला होता. त्याने आधी एक घोंगडी पाठवली, मग एक फोटो पाठवला, मग काहीच नाही. त्या घोंगडीवर तिने मुलीला मोठं केलं, शिकवलं, ब्लँटायरला शाळेत मास्तरीण केलं. फोटोचं तिने काय केलं ते कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. आरोग्यसेविका म्हणून ती दिवसभर पायपीट करायची, आणि गाव तिला आदराने 'अमायी' म्हणायचं, म्हणजे आई. पाठीमागे काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं आणि त्याची तिला पर्वा नव्हती.

गावातल्या सगळ्या पोरीबाळी तिला सारख्या, असं ती सांगायची. ते खरं नव्हतं. मदालो तिची वेगळी होती.

मदालोचं पहिलं बाळंतपण अडलं ते ऐन पावसात. निघायचं की थांबायचं यावर घरात बराच खल झाला, आणि बैलगाडी निघाली तेव्हा उशीर झालेला होता. नदीच्या अलीकडे, गाडीतच, मूल झालं ते मेलेलं. ते तियेझगेनेच धुतलं. आपलं कमरेचं चितेंजे फाडून त्यात गुंडाळलं आणि मदालोच्या आईच्या हातात दिलं. त्या दिवशी तिने कुणाला शिव्या घातल्या नाहीत. गावाला ते विचित्र वाटलं. मदालोला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं तेव्हा तियेझगेने मनाशी एवढंच ठरवलं, की हे मूल जाऊ द्यायचं नाही. मग त्यासाठी कुणाच्याही दारात बसावं लागलं तरी बेहत्तर.

त्याच सुमाराला ते फोन आले.

चिमलांबेचं आरोग्य केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक ओसरी आणि छपरावर सौर पॅनेल. लिंबानी नावाचा इंजिनियर राजधानीहून मोटारसायकलवर आला आणि त्याने आरोग्यसेविकांना फोन वाटले. गरोदर बाईचा रक्तदाब, सूज, महिने, सगळं त्यात भरायचं. बाईची तब्येत ठीक असली तर पडदा हिरवा, धोका असला तर लाल. लाल झाला की फोन आपणहून घरच्या कर्त्याला निरोप धाडायचा: बाईला जिल्ह्याच्या इस्पितळात न्यायला हवं, न्याल का? होय असेल तर एक दाबा. अशाने बाया वेळेवर पोचतात का, हे काही महिने बघायचं होतं. कामाचे ठरले तर फोन राहणार, नाहीतर परत जाणार.

"इथे घरच्या कर्त्याचा नंबर घालायचा," लिंबानी म्हणाला. "अमायी, तो कोणाचा घ्यायचा?"

"नवऱ्याचा. आणखी कोणाचा घेणार, शेजाऱ्याचा?"

सगळे हसले. लिंबानीही हसला. शहरात वाढलेला मुलगा, त्यालाही ते बरोबरच वाटलं. बाकीच्या सेविका तिच्यापेक्षा लहान, अमायींच्या शब्दापुढे कोण बोलणार. मग तियेझगे घरोघर फिरली आणि नवऱ्यांचे नंबर भरून आली.

एक अडचण होती. केंद्राच्या आसपास नेट कुठेच मिळायचं नाही, मिळायचं ते फक्त मागच्या मोठ्या वारुळावर. माणसाच्या दीडपट उंच वारूळ, कुणी पायऱ्या खोदलेलं. रोज तियेझगे चितेंजे आवळून त्यावर चढायची आणि हात वर करून निरोप जायची वाट बघायची. "अमायी वारुळावर चढल्या," बाया ओसरीवरून म्हणायच्या, "म्हणजे कुणाचं तरी लाल आलं वाटतं."

आठव्या महिन्यात मदालोचं लाल आलं.

तिची पावलं सुजली होती, बोटाने दाबलं की खळगा तसाच राहत होता. रक्तदाब चढलेला. तियेझगेने पट्टा दोनदा लावून बघितला. इस्पितळाच्या आवारात बाळंतपणाची वाट बघणाऱ्या बायांसाठी घर होतं, तिथे हिने आत्ताच जाऊन राहायला हवं होतं. निरोप गेला. मदालोचा नवरा योतामू, त्याचं उत्तरही आलं: होय. तियेझगेला हायसं वाटलं. पण पुढच्या तपासणीला मदालो पुन्हा ओसरीवर हजर, पाय आणखी सुजलेले. पुन्हा निरोप, पुन्हा होय. तिसऱ्या वेळी निरोप पाठवून ती वारुळावरून उतरली ती थेट योतामूला शोधायला निघाली. तिच्या मनात त्याच्यासाठी जे शब्द होते ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

योतामू तंबाखू वाळवायच्या मांडवात पानं दोरीला ओवत बसला होता. दुसऱ्या गावचा, सरळ, कष्टाळू पोरगा. तिला बघून तो उठला आणि दोन्ही हात जोडून वाकला.

"योतामू, तू होय म्हणालास."

"होय, अमायी."

"दोनदा म्हणालास."

"होय, अमायी."

"मग मदालो घरात काय करतेय अजून? तुझ्यासाठी मका कांडतेय?"

तो पानांकडे बघत राहिला.

"तोंडात तंबाखू भरलीय का? बोल."

"अमायी, मी इथे घरजावई आहे." तो हळू आवाजात म्हणाला. "फोनने विचारलं, न्याल का. मी जावई माणूस. मी नाही कसा म्हणणार?"

"नाही म्हणू नकोस रे. उचल आणि ने तिला."

"मी कोण तिला नेणारा?" त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, आज ऊन आहे असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं. "तिचे मामा जा म्हणाले, तर पाठुंगळी घेऊन जाईन. पण मामांना कुणी विचारलं नाही."

"मग तू का नाही विचारलंस?"

ती काहीतरी अभद्र बोलल्यासारखा तो तिच्याकडे बघायला लागला. "मी? मामांना? तिच्या पोटाबद्दल?"

तियेझगे मांडवाच्या खांबाला धरून खाली बसली. दोष द्यायचा तर स्वतःलाच. इथे लग्न झालं की पुरुष बायकोच्या गावी राहायला येतो, मुलं आईच्या कुळाची, आणि बहिणी-भाच्यांच्या सुखदुःखाचा धनी त्यांचा मामा. हे तिला कालपरवा कळलं होतं असं नाही. असंख्य लग्नांना, मयतांना ती गेली होती, मामाचा मान बघून आली होती. पण आजवर तिला त्याचा विचार करायची वेळच आली नव्हती. ती यायची, अंगणात उभी राहून सगळ्यांना मिळून ओरडायची, आणि अंगणात मामा असायचाच. फोनला मात्र अंगण नव्हतं. तो एकालाच विचारत होता. तो एक कोण हे तिने ठरवलं, आणि ठरवताना ती रुम्फीला बापाच्या घरात उभी होती, जिथे लग्नात गाई मोजून देतात आणि मुलगी सासरी जाते.

तिला स्वतःचा इतका राग आला की रडूच यायचं बाकी राहिलं. पण रडायला तिला सवड नव्हती. ती उठली आणि मामाकडे निघाली.

मदालोचा मामा, बिलियाती, आंब्याखाली बावो खेळत बसला होता. समोर त्याचा जुना खेळगडी सायझी. लाकडी पाटावरच्या खळग्यांतून बिया फिरत होत्या. तियेझगे अंगणाच्या कडेला गुडघ्यांवर बसली आणि रीतीप्रमाणे "ओडी" म्हणून हाक दिली. कुणी मान वर केली नाही.

"सायझी," बऱ्याच वेळाने बिलियाती म्हणाला, "कुणी आलंय का रे?"

"उत्तरेचं वारं असेल."

"वाऱ्याला म्हणावं, जावयाकडे जा. हल्ली निरोप तिकडेच जातात."

"मामा," तियेझगे म्हणाली, "माझं चुकलं."

"तुझं कसं चुकेल? फोन शहाण्यांचा आहे. माझ्या भाचीच्या पोटाची गोष्ट मला बाजारात कळली. तंबाखू विकायला गेलो, तिथे एकजण मला म्हणतो, पोरीला कधी नेताय. मी म्हटलं, कुठे? तो हसला."

"फोनला काय कळतंय. मी सांगितलं तसं त्याने केलं. आमच्याकडे बाईवर नवऱ्याचा शब्द चालतो."

"त्यांच्याकडे गाई देऊन बाई नेतात," सायझी बिया टाकत म्हणाला. "आपल्याकडे फुकट कोंबडा येतो. उसना. चार दिवस बांग देतो आणि जातो." तो एकटाच हसला.

बिलियाती हसला नाही. "चुकलं असेल तर रीतीने ये. तुझ्या बाजूने बोलणारं माणूस घेऊन ये, तुझा अंखोस्वे. एक कोंबडी आण. बाईने एकटं येऊन असं अंगणात बसायचं नसतं."

"माझं इथे कोण आहे, मामा? भाऊ रुम्फीला."

"मग भावांना बोलव."

"ते येईपर्यंत मदालोला वेळ नाही. तुम्ही बोलेपर्यंत मी इथून उठायची नाही."

"बस. अंगण मोठं आहे."

ती बसली. बिया खळग्यांत पडत राहिल्या. ऊन आंब्याच्या सावलीतून सरकत तिच्या डोक्यावर आलं. गुडघ्यांना खडे टोचत होते, पण तिने बूड हलवलं नाही. घरातून मदालोच्या आईने थोबव्याचा, मक्याच्या गोड पेजेचा, पेला आणला, मामाकडे बघितलं आणि तो तसाच परत नेला. सायझीचा एक डाव गेला, मग दुसराही गेला.

"मी बनतो हिचा अंखोस्वे," सायझी एकदम म्हणाला.

"तू?" बिलियाती म्हणाला. "तू माझ्या बाजूचा."

"तुझ्या बाजूला राहून सकाळपासून हरतोच आहे. आता मी हिचा भाऊ." त्याने पाट बाजूला सारला, गळा साफ केला आणि अगदी लग्नाच्या बैठकीत बसल्यासारखा ताठ झाला. "ऐक. माझी बहीण म्हणते, चुकले. कोंबडी उद्या येईल. चांगली येईल, मी स्वतः बघून घेईन, कारण खायला मीही असणार. पण रक्तदाब काही कोंबडीसाठी थांबत नाही, असं माझी बहीण म्हणते."

बिलियातीने मुठीतल्या बिया जमिनीवर ठेवल्या. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता.

"गेल्या वेळी थांबा म्हणणारा मी होतो. सकाळी निघू म्हणालो. पाऊस होता, नदीचा आवाज इथपर्यंत येत होता, मला बैलांची भीती वाटली. बैलांची. म्हणून या वेळी मला विचारलं नाहीस. बरोबर केलंस. पण हे तोंडावर येऊन सांगायचं होतंस, अमायी. जावयाच्या फोनवर का सांगितलंस?"

तियेझगेला वाटत होतं, मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्यात. म्हातारा मान मागतोय. हा माणूस एवढे दिवस हे पोटात घेऊन बसला असेल, असं तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. खोटं बोलून त्याची समजूत घालता आली असती, पण तो तिचा स्वभाव नव्हता.

"त्या दिवशी मला तुमचा राग आला होता," ती म्हणाली. "खूप आला होता. पण नंबर भरताना मी तुम्हाला वगळलं नाही, मामा. तुम्ही माझ्या मनातच नव्हतात. हे जास्त वाईट, मला माहीत आहे. इथे माझे केस पिकले आणि मी अजून बापाच्या घरातून बोलते." तिने डोळे पुसले. "तेव्हा तुम्ही थांबा म्हणालात. आता मी तुम्हालाच विचारते. मदालोचा रक्तदाब चढलाय. मूल होईपर्यंत तिने इस्पितळाजवळ राहायला हवं. न्यायचं का?"

बिलियातीने काठी घेतली आणि उभा राहिला.

"फोनने विचारू दे," तो म्हणाला. "जावयाला विचारलं तसं."

योतामूला बोलावणं गेलं. तो पळत आला, अंगणाबाहेरच वाकला आणि दोन्ही हातांनी फोन सायझीला दिला. सायझीने तो बिलियातीला दिला. सकाळचा निरोप कसाबसा येऊन उत्तराविना तसाच पडून होता, कारण उत्तर जाण्याइतकं नेट मांडवात नव्हतं. तियेझगेने तो वाचून दाखवला. बिलियातीने पूर्ण ऐकून घेतला, अंगठ्याने एक दाबलं आणि विचारलं, "गेलं?"

"इथून जायचं नाही. वारुळावर चढावं लागतं."

मग चिमलांबेने जे बघितलं त्याची टिंगल अजून चालते. पुढे बिलियाती, मागे सायझी, त्याच्या मागे तियेझगे, आणि बरंच अंतर राखून योतामू. केंद्राच्या ओसरीवरच्या बाया लेकरं घेऊन उठून उभ्या राहिल्या. म्हाताऱ्याने काठी खाली टाकली. सायझी खालून ढकलत होता आणि गुडघ्यांबद्दल काहीबाही बोलत होता. बिलियाती वारुळाच्या टोकावर पोचला, तोल सावरला आणि फोन आभाळाकडे धरला.

फोन वाजला. तियेझगेने खालून विचारलं, "काय आलंय? दाखवा इकडे." त्याने वाकून पडदा दाखवला. "धन्यवाद म्हणतोय," ती म्हणाली.

"म्हणायलाच हवं," बिलियाती म्हणाला.

त्याच दुपारी त्याने स्वतः बैल जुंपले. मदालो आणि तिची आई गाडीत बसल्या, खाली गवत, वर घोंगडी, तीच जोहान्सबर्गची. कोरड्या नदीतून गाडी पलीकडे गेली, तेव्हा गेल्या वेळी मूल झालं होतं त्या ठिकाणी बिलियाती थांबला नाही, तिकडे बघितलंही नाही, असं मदालोच्या आईने नंतर सांगितलं. इस्पितळात मदालोला ठेवून घेतलं. कोंबडी दुसऱ्या दिवशी गेली, आणि ती सायझीनेच जास्त खाल्ली.

फोन बिलियातीकडेच राहिला. योतामूने मागितला नाही.

तियेझगे आता थांबणारी नव्हती. लिंबानीला वारुळावरून फोन करून तिने सांगितलं, की सगळे नंबर चुकलेत आणि चुकवले ते मी, तुझ्या यंत्राने नाही. तो म्हणाला, अमायी, होय-होयचे एवढे आकडे बघून आम्ही खूश होतो. "तुम्ही खूश आणि बाया घरात," ती म्हणाली. तिने पुन्हा घर न घर पालथं घातलं. या वेळी तिने नंबर आधी विचारला नाही. विचारलं एवढंच, की या घरात 'जा' कोण म्हणतं? बहुतेक ठिकाणी मामा निघाला. एका ठिकाणी आजी निघाली, तिच्यापुढे मामाही मूग गिळून बसायचा. एका मामाला इतक्या भाच्या होत्या, की तो म्हणाला, माझा मुक्काम आता वारुळावरच हलवा.

बिलियातीला तोंडावर कुणी चिडवत नव्हतं. तो रोज सकाळी काठी टेकत यायचा, वारुळावर चढायचा, फोन वर धरायचा आणि काही आलं नाही की उतरून घरी जायचा. त्याला वाचता येत नव्हतं. "काही वाजलं तर मला हाक मारा," तियेझगे सांगायची. तो मान हलवायचा. ती लसी देता देता खिडकीतून त्याच्याकडे बघायची आणि मनातल्या मनात वाट बघायची. इस्पितळात पोचवलं म्हणजे सगळं झालं असं नसतं, हे तिला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं.

एके सकाळी फोन वाजला. ओसरीवरच्या सगळ्यांनी ऐकलं. तियेझगे हातातलं लेकरू त्याच्या आईकडे देऊन बाहेर धावली. बिलियाती वारुळावरून उतरत होता, फोन छातीशी धरलेला, चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"द्या, मी वाचते." तिने हात पुढे केला.

"तू नाही," तो म्हणाला, आणि तिच्या बाजूने निघून गेला.

ती त्याच्या मागे गेली. राहवेनाच तिला. तो वाटेने चालत राहिला, आपल्या घरावरून गेला, आंब्याखाली बसलेल्या सायझीच्या हाकेला त्याने ओ दिली नाही, आणि तंबाखूच्या मांडवापाशी जाऊन थांबला. योतामू पानं टाकून उठला, वाकला आणि मामाच्या आणि आपल्यामध्ये बोलणारं कुणी आहे का, म्हणून आजूबाजूला बघायला लागला. कुणी नव्हतं. तियेझगे लांब बांधावरच थांबली होती.

बिलियातीने फोन स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे धरला.

"जावई," तो म्हणाला, "वाच."

योतामूने चिकाने काळे झालेले हात पँटला पुसले, पुन्हा पुसले, आणि फोन घेतला. तो पुटपुटत वाचायला लागला.

"मोठ्याने."

"ऑपरेशन झालं. आई सुखरूप आहे. मुलगी झाली. मुलगी सुखरूप आहे."

बांधावर तियेझगे मटकन खाली बसली आणि चितेंजेच्या टोकात तोंड खुपसून रडली. मांडवात दोघेही पुरुष खाली बघत उभे होते.

"परत वाच," बिलियाती म्हणाला.

योतामूने परत वाचलं.